वेबसाइटवरची कमकुवत पेजेस काढताय? या चुका टाळा

सिंहस्थ जवळ येतोय तशी नाशिकमधल्या अनेक व्यवसायांना आपल्या वेबसाइटची आठवण झाली आहे. हॉटेलवाले, टूर्सवाले, वायनरी, कृषी सेवा केंद्रं. साइटवर वर्षानुवर्षं मजकूर साचलाय आणि कुणीतरी सांगतं, "निकृष्ट पेजेस काढून टाका, गूगलमध्ये वर याल." सल्ल्यात तथ्य आहे. फेब्रुवारी २०११ मध्ये गूगलने साइट्सचा क्रम लावण्याची पद्धत बदलली, म्हणजे पांडा अपडेट आलं, तेव्हापासून कमकुवत पेजेसचा फटका अख्ख्या साइटला बसू शकतो हे सगळ्यांना कळलं. ऑगस्ट २०२२ च्या हेल्पफुल कंटेंट अपडेटचा रोखही तोच होता, आणि मार्च २०२४ मध्ये ती व्यवस्था गूगलच्या मूळ रँकिंगमध्येच सामावली गेली. पण काय काढायचं हे बहुतेक वेळा एक्सेलमधल्या एका रकान्यावरून ठरतं आणि नुकसान तिथेच होतं. पेज उघडून, शेवटपर्यंत वाचल्याशिवाय त्याचं काय करायचं हे ठरवू नये, असं माझं ठाम मत आहे.

तीन महिन्यांच्या आकड्यांवर निकाल देणं

साइट गूगलमध्ये कशी दिसते हे सांगणारं गूगलचं साधन म्हणजे सर्च कन्सोल. त्याचा परफॉर्मन्स रिपोर्ट उघडला की सुरुवातीला तीन महिन्यांचे आकडे दिसतात. बरेच जण तेवढेच डाउनलोड करतात आणि शून्य क्लिकवाल्या ओळी लाल करून मोकळे होतात. नाशिकमध्ये हे फार महागात पडतं, कारण इथलं बरंचसं शोधणं हंगामावर चालतं. निफाड-दिंडोरीकडच्या एखाद्या कृषी सेवा केंद्राच्या साइटवर "छाटणीनंतर पाऊस झाला तर डाऊनीसाठी काय करावं" असं पेज असेल (डाऊनी म्हणजे द्राक्षावरचा केवडा रोग), तर जूनमध्ये तिकडे कोण फिरकणार? ऑक्टोबर छाटणी झालेली असते, परतीचा पाऊस रेंगाळतो, कोवळी फूट बाहेर आलेली असते, तेव्हा शेतकरी नेमकं तेच शोधतो. रिपोर्टमध्ये १६ महिन्यांपर्यंतचा डेटा मिळतो. तो सगळा घ्या, म्हणजे अख्खा हंगाम त्यात येईल.

शिवाय सर्च कन्सोल मोजतं ते फक्त गूगलमधून आलेले क्लिक. बिलाच्या मागे छापलेला क्यूआर कोड, शेतकऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरणारी लिंक, हॉटेलच्या खोलीत ठेवलेलं कार्ड, यांवरून येणारी माणसं त्यात दिसत नाहीत. ती अ‍ॅनालिटिक्समध्ये, म्हणजे साइटवर येणाऱ्या सगळ्यांची नोंद ठेवणाऱ्या साधनात, शोधा. आणि काउंटरवर बसणाऱ्या माणसाला विचारा की गिऱ्हाइकाला तो रोज कोणती लिंक पाठवतो. गूगलमध्ये शून्य असलेलं पेज दुकानात दिवसभर वापरात असू शकतं.

जुनं म्हणजे वाईट, असं धरून चालणं

केवळ जुना आहे म्हणून मजकूर काढण्यात काही अर्थ नाही, हे गूगलच्या प्रतिनिधींनी २०२३ मध्ये जाहीरपणे सांगितलं होतं. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला. ही माहिती नीट लिहिलेलं पेज कितीही वर्षांपूर्वीचं असलं तरी चालतं.

धोका असतो तो कालबाह्य होऊन चुकीच्या झालेल्या मजकुराचा. २९ ऑगस्ट, १३ सप्टेंबर, १८ सप्टेंबर या नाशिकच्या २०१५ मधल्या शाहीस्नानाच्या तारखा. त्या साल न लिहिता एखाद्या पेजवर तशाच राहिल्या असतील, तर परगावचा माणूस त्या २०२७ च्या समजून तिकिटं काढेल. इथे पेज उडवू नका. साल घाला, वर नव्या तारखांची लिंक द्या, किंवा त्याच पत्त्यावर मजकूर पूर्ण नवा करा. त्या पत्त्याला इतकी वर्षं इतरांनी दिलेल्या लिंक असतात, त्या फुकट घालवायच्या कशाला?

द्राक्षाच्या औषधांची पेजेस मात्र मी सगळ्यांत आधी उघडते. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशामुळे भारतीय द्राक्षं युरोपात नाकारली गेली, आणि त्याचा मार इथल्या बागायतदारांनी सोसला. कोणतं औषध चालतं, काढणीच्या किती दिवस आधी फवारणी थांबवायची, किती अंश चालतो, हे बदलत राहतं. तुमच्या साइटवर पाच-सात वर्षांपूर्वीचं वेळापत्रक असेल आणि त्यावर भरपूर लोक येत असतील, तर सगळ्या साइटवरचं ते सर्वांत वाईट पेज आहे, आकडे काहीही सांगोत. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या चालू यादीशी ताडून दुरुस्त करा. आज ते जमणार नसेल तर आजच काढा. कमी भेटी म्हणजे कमी दर्जा आणि जास्त भेटी म्हणजे चांगला दर्जा, हे समीकरण इथे साफ कोसळतं.

गावाचं नाव बदलून केलेली पेजेस जपणं

ट्रॅव्हल्सच्या साइटवर हा प्रकार हमखास दिसतो. "ओझर ते शिर्डी टॅक्सी", "पिंपळगाव ते शिर्डी टॅक्सी", "सिन्नर ते शिर्डी टॅक्सी", आणि आत शब्दन् शब्द तोच. गूगलच्या स्पॅम धोरणात अशा पेजेसवर सरळ आक्षेप आहे. पण एका झटक्यात सगळी उडवणंही बरोबर नाही. एक चांगलं पेज बनवा, ज्यात गावागणिक भाडं, लागणारा वेळ आणि गाडी कुठून सुटते हे नीट मांडलेलं असेल, आणि बाकीची पेजेस ३०१ रिडायरेक्टने, म्हणजे जुन्या पत्त्यावरून आपोआप आणि कायमचं नव्यावर नेणाऱ्या सोयीने, तिथे वळवा.

एखाद्या ठिकाणाबद्दल खरंच वेगळं सांगण्यासारखं असेल तर ते पेज स्वतंत्र राहू द्या. त्र्यंबकेश्वरचंच बघा. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला एवढी गर्दी होते की खासगी गाड्या गावाच्या अलीकडेच थांबवतात आणि पुढे बसने जावं लागतं. तुमचा ड्रायव्हर हे वर्षानुवर्षं बघतोय. गाडी कुठे उभी राहते, परतताना प्रवाशाने कुठे यायचं, हे त्याच्याकडून विचारून लिहा. ते दुसऱ्या कुणाच्या साइटवरून उचलता येणार नाही. हीच खरी सुधारणा.

नुसती लांबी वाढवणं म्हणजे सुधारणा नव्हे. गूगलला अमुक शब्दसंख्या हवी असते हा गैरसमज अजून गेलेला नाही. एआयकडून शे-दोनशे पेजेस फुगवून घेणं तर उलटंच पडतं. केवळ रँकिंगसाठी घाऊक प्रमाणात मजकूर तयार करणं मार्च २०२४ पासून स्पॅम धोरणात नावानिशी आलं आहे, मग तो माणसाने लिहिलेला असो की यंत्राने. मजकूर तोच ठेवून वरची तारीख बदलणंही सोडा.

काढलेलं सगळं होमपेजवर वळवणं

वाचक विचारतो बेदाण्याबद्दल आणि पोचतो तुमच्या होमपेजवर. तो परत जातो, आणि गूगलही असं पेज बहुधा "सॉफ्ट ४०४" म्हणजे नसल्यातच जमा करतं. जवळच्या विषयाचं पेज असेल तरच रिडायरेक्ट करा आणि तो किमान वर्षभर ठेवा. तसं पेज नसेल तर सरळ ४०४ (पेज सापडलं नाही) किंवा ४१० (पेज कायमचं काढलं) हा कोड द्या. दोन्हींत व्यवहारात फारसा फरक नाही. साइटमधल्या लिंक आणि साइटमॅपमधला (गूगलसाठी ठेवलेल्या पेजेसच्या यादीतला) पत्ता तेवढा काढायला विसरू नका.

पेज गिऱ्हाइकाला हवंय पण गूगलमध्ये नको, उदाहरणार्थ बुकिंगनंतरचं आभाराचं पेज, तिथे नोइंडेक्स, म्हणजे पेज शोधात दाखवू नका अशी सूचना, लावा. यात एक चूक वारंवार होते. नोइंडेक्सही लावतात आणि रोबोट्स डॉट टीएक्सटीमध्ये, म्हणजे गूगलने कुठे यायचं नाही हे सांगणाऱ्या फाइलमध्ये, तेच पेज अडवूनही ठेवतात. मग गूगल आत येऊच शकत नाही, नोइंडेक्सची सूचना त्याला दिसत नाही, आणि पत्ता शोधात तसाच राहू शकतो. अडवणूक काढा, गूगलला एकदा वाचू द्या. सर्च कन्सोलमधल्या रिमूव्हल्स या सोयीने पेज लगेच दिसेनासं होतं खरं, पण ते साधारण सहा महिन्यांपुरतंच.

आठवड्यात फरक शोधणं

पेजेस काढली, जोडली, सुधारली, आणि पुढच्या सोमवारी क्लिक घसरले म्हणून सगळं पूर्ववत केलं, असं करू नका. साइटचा एकूण दर्जा नव्याने जोखला जायला काही महिने जाऊ शकतात. काम सुरू करण्याआधी पूर्ण बॅकअप घ्या. कोणत्या पेजचं कोणत्या तारखेला काय केलं आणि का, याची शीट ठेवा. एका वेळी एकच विभाग हातात घ्या, आधी औषधांचा, मग वाणांचा. आणि तुलना करताना द्राक्षाच्या पेजचा ऑक्टोबर मागच्या ऑक्टोबरशी लावा, सप्टेंबरशी नको.