मानसिक आजार आणि 40 टक्क्यांची अट: निकाल पटला नाही तर

कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात तपासणी झाली आणि दिव्यांग प्रमाणपत्रावर बऱ्याच सवलतींना लागणाऱ्या 40 टक्क्यांपेक्षा कमी आले, की घरचे लोक हात टेकतात. तसं करू नका. अर्ज नाकारला असेल तर कारण लेखी मागा, तो तुमचा हक्क आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 59 खाली अपील करता येतं. त्याची मुदत राज्याच्या नियमांत ठरलेली असते. सोबत प्रमाणपत्राची किंवा नकारपत्राची प्रत जोडायची.

खरी मेहनत पुराव्यावर घ्या. मानसिक आजाराचं मोजमाप स्वतःची काळजी, माणसांशी वागणं, संवाद, काम आणि आजाराचा काळ यांवर होतं. डॉक्टरांपुढे आपलं माणूस इस्त्रीचा शर्ट घालून "बरं हाय की" म्हणतं, आणि तेवढंच कागदावर चढतं. म्हणून घरच्यांनी रोजची नोंद ठेवावी: आंघोळीला किती वेळा सांगावं लागलं, गोळी कुणी दिली, कामावरून का परत आला. केसपेपर, गोळ्यांच्या चिठ्ठ्या, डिस्चार्ज कार्ड तारखेप्रमाणे लावा. उपचार करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञांकडून नुसतं आजाराचं नाव नको, रोजच्या जगण्यात काय जमत नाही ते लिहून घ्या.

अपील दिल्यावर पोच घ्या, शिक्का आणि तारखेसकट. सुनावणीला घरातलं रोज सोबत असणारं माणूसच न्या.