वचनचिठ्ठीच्या दाव्यात मोबदला सिद्ध करताना या चुका टाळा

वचनचिठ्ठीवर (रक्कम फेडण्याच्या लेखी वचनावर, म्हणजे प्रॉमिसरी नोटवर) सही आहे, मग आणखी काय सिद्ध करायचे, या समजुतीवर वसुलीचे अनेक दावे दाखल होतात आणि उलटतपासणीत अडकतात. परक्राम्य संलेख अधिनियम, 1881 च्या कलम 118 (अ) प्रमाणे चिठ्ठी मोबदल्यापोटीच, म्हणजे काहीतरी मिळाल्याच्या बदल्यातच, लिहून दिली असे न्यायालय गृहीत धरते, हे खरे. परंतु प्रतिवादीने ती लिहून दिली हे आधी शाबीत व्हावे लागते, आणि त्यानंतरही हे गृहीतक पुराव्याने खोडून काढता येते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे चिठ्ठीत एक मोबदला लिहिणे आणि साक्षीत दुसराच सांगणे. समजा, कोल्हापुरातील शाहूपुरीच्या एका गूळ अडत्याची गुऱ्हाळमालकाकडे तीन लाखांची उचल (आगाऊ दिलेली रक्कम) थकली आणि हंगाम संपल्यावर त्याने चिठ्ठी लिहून घेतली. मात्र छापील नमुन्यातील ‘आज रोजी रोख मिळाले’ हे शब्द तसेच राहिले. दाव्यातही तेच उतरले, की रक्कम कोठे मोजली, कोणासमोर दिली, बँकेतून कधी काढली, या तीन प्रश्नांतच वादी गडबडतो. वास्तविक जुनी येणे बाकी हाही कायद्याने पुरेसा मोबदला आहे. तेव्हा उचल कधी दिली आणि पट्टीतून (गूळविक्रीच्या हिशेबातून) किती वळती झाली, हे दाव्यातच मांडून खातेउतारा जोडावा. नमुन्यातील शब्द का राहिले, तेही तेथेच सांगावे.

व्यापाऱ्याने हिशेबाच्या वह्या मागे ठेवणे हा तर स्वतःच्या पायावर धोंडा आहे. कुंदनलाल रल्लाराम प्रकरणात (1961) सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की जवळचा हिशेब वादीने दडवला तर त्याच्याविरुद्ध निष्कर्ष काढता येतो आणि तेवढ्यानेही कलम 118 चे गृहीतक कोसळू शकते. मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरात बसत असले, तरी अपिलात नवा पुरावा सहसा घेतला जात नाही. वही पहिल्याच न्यायालयात दाखल व्हायला हवी.

वीस हजार किंवा त्याहून अधिक रकमेचे कर्ज रोखीने घेण्यास आयकर कायद्याची साधारणतः मनाई आहे. त्यामुळे कर्ज आपोआप बुडत नाही. पण रकमेचा माग बँकेतही नाही आणि विवरणपत्रातही नाही, असे दिसल्यास वादीच्या ऐपतीवरच बोट ठेवले जाते.

प्रतिवादीही चुकतात. ‘पैसे मिळालेच नाहीत’ एवढा मोघम नकार पुरत नाही, हे भारत बॅरल प्रकरणातून (1999) स्पष्ट आहे. मोबदला नसण्याची शक्यता पटेल असे काही पुढे यावे लागते, मग ते वादीच्या उलटतपासणीतून आले तरी चालते. कोऱ्या मुद्रांकित कागदावर सही घेतली, हा बचावही वाटतो तितका भक्कम नाही, कारण त्याच अधिनियमाच्या कलम 20 प्रमाणे असा कागद भरण्याचा अधिकार तो घेणाऱ्याला मिळतो.

महसुली तिकीट न लावलेली चिठ्ठी दंड भरूनही पुराव्यात घेता येत नाही, म्हणून मूळ कर्जाची हकीकत दाव्यात स्वतंत्रपणे मांडावी. सावकारीचा धंदा असेल तर महाराष्ट्राच्या 2014 च्या कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय हुकूमनामा (न्यायालयाचा वसुलीचा आदेश) मिळत नाही. ‘मागणी करताच’ देय असलेल्या चिठ्ठीची तीन वर्षांची मुदत नोटिशीच्या नव्हे, चिठ्ठीच्या तारखेपासून मोजतात. ती संपण्यापूर्वी ऋणकोने काही रक्कम भरून स्वतःच्या अक्षरात किंवा सहीने नोंद केली असेल किंवा सहीनिशी कर्जाची लेखी कबुली दिली असेल, तर नवी मुदत मिळते.