मुलाच्या ताब्याचं अपील: निकाल हातात पडल्यावर या चुका टाळा

फॅमिली कोर्टाच्या जिन्यावरून उतरताना हरलेल्या पक्षकाराच्या तोंडून पहिलं वाक्य निघतं ते म्हणजे, "आता हायकोर्टात जायचं." जावं की, हक्क आहे. पण तिथे नेमकं काय तपासलं जातं, हे विचारलं तर दहातले आठ जण म्हणतात, "आमची बाजू नीट ऐकून घेतील." गडबड इथूनच सुरू होते. अपिलात नवराबायकोची बाजू नव्यानं मांडायची नसते. खालच्या कोर्टानं मुलाच्या हिताचा विचार करताना काय पाहिलं नाही किंवा काय चुकीचं पाहिलं, ते दाखवायचं असतं. आणि हे सगळं चालू असताना मूल वाढत असतं. फाइल दोन वर्षं थांबते, मूल थांबत नाही.

पहिली चूक रस्त्याची. ताब्याचा प्रत्येक आदेश 'अपिलाचा' नसतो. फॅमिली कोर्ट्स ॲक्ट, १९८४ च्या कलम १९ प्रमाणे फॅमिली कोर्टाच्या अंतिम निकालावर किंवा आदेशावर उच्च न्यायालयात अपील होतं आणि ते दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठापुढे चालतं. मात्र त्याच कलमात अंतरिम आदेश वगळलेले आहेत. मूळ अर्ज चालू असताना 'दर शनिवारी चार ते सहा भेट' किंवा 'तूर्त ताबा आईकडे' असा आदेश झाला, तर त्यावर सहसा राज्यघटनेच्या अनुच्छेद २२७ खाली रिट याचिका करावी लागते. ती मुंबई उच्च न्यायालयात एकल न्यायमूर्तींपुढे लागते आणि तिची नजर अपिलापेक्षा पुष्कळ अरुंद असते. खालच्या कोर्टानं अधिकाराबाहेर काही केलं का, उघड अन्याय झाला का, एवढंच तिथे पाहतात. 'मी असतो तर वेगळा आदेश दिला असता' एवढ्यावर रिटमध्ये आदेश बदलत नाही.

त्यात आणखी फाटे आहेत. तात्पुरता ताबा कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम २१ खाली मॅजिस्ट्रेटनं दिला असेल, तर अपील सत्र न्यायालयात जातं, आणि तेही तीस दिवसांत. ज्या गावी फॅमिली कोर्ट नाही तिथे हिंदू विवाह कायद्याचा अर्ज दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर यांच्यापुढे चालतो आणि त्यांच्या निकालावरचं अपील जिल्हा न्यायालयात जातं. गार्डियन्स अँड वॉर्ड्स ॲक्ट, १८९० खाली जिल्हा न्यायालयानं दिलेला पालकत्वाचा आदेश असेल, तर अपील थेट उच्च न्यायालयात. म्हणून आदेशाच्या मथळ्यात कायदा कुठला आणि कलम कुठलं हे आधी वाचा. सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि कोल्हापूर या सहा जिल्ह्यांतल्यांना आता मुंबईची गाडी पकडायची नाही. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच, म्हणजे तिथे बसणारं खंडपीठ, सुरू झालं आहे.

मुदतीचं गणित इतकं फसवं आहे की त्यावर मी थोडा जास्त रेंगाळणार आहे. फॅमिली कोर्ट्स ॲक्ट म्हणतो तीस दिवस. हिंदू विवाह कायद्याचं कलम २८ २००३ च्या दुरुस्तीनंतर म्हणतं नव्वद दिवस. मग खरं काय? मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं, म्हणजे खंडपीठाहून मोठ्या पीठानं, २०१६ मध्ये सांगितलं की हिंदू विवाह कायद्याखालच्या निकालावरचं अपील फॅमिली कोर्टातून आलेलं असलं तरी मुदत नव्वद दिवसांची धरायची. हे ऐकून लोक सैल पडतात. पण तुमचा अर्ज घटस्फोटाच्या प्रकरणातला नसून निव्वळ गार्डियन्स अँड वॉर्ड्स ॲक्टचा असेल, तर हा दिलासा तुमच्यासाठी नाही, तिथे तीस दिवसच मोजायचे. माझा सल्ला सरळ आहे: नव्वद मिळणार असले तरी तीसच आहेत असं समजून कामाला लागा.

निकालाच्या दिवशीच निकालपत्राच्या प्रमाणित नकलेचा अर्ज टाका. नक्कल मिळण्यात गेलेले दिवस मुदतीतून वजा होतात, पण तुम्ही अर्जच वीस दिवसांनी केला तर ते वीस दिवस तुमच्याच खात्यावर. उशीर झालाच, तर विलंब माफीच्या अर्जात 'घरगुती अडचणी' असं मोघम लिहू नका. कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत काय झालं ते लिहा, आजारपण असेल तर कागद जोडा. चुकून भलत्याच कोर्टात गेला असाल, तर प्रामाणिकपणे घालवलेला तो वेळ मुदत कायद्याच्या कलम १४ च्या तत्त्वावर विलंब माफीत धरता येतो. 'प्रामाणिकपणे' हा शब्द मात्र कोर्ट गंभीरपणे घेतं.

"अपील टाकलंय, आता मुलाला पाठवायची गरज नाही"

हे वाक्य मी ज्या ज्या वेळी ऐकलं, त्या त्या वेळी पुढे कुणाचं तरी नुकसान झालेलं पाहिलं. नुसतं अपील दाखल केल्यानं आदेश थांबत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ४१ नियम ५ मध्ये हे स्वच्छ लिहिलं आहे. आदेश थांबवायचा तर स्थगितीचा वेगळा अर्ज लागतो, तो तातडीनं बोर्डावर, म्हणजे सुनावणीच्या यादीत, घ्यायला विनंती करावी लागते आणि स्थगिती मिळेपर्यंत शनिवारची भेट ही शनिवारची भेटच असते. मुलाला ताप असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन, समोरच्याला त्याच दिवशी मेसेज करून, बदली दिवस स्वतःहून सुचवा. 'ताप' तीन शनिवार लागोपाठ आला की न्यायमूर्तींना थर्मामीटरची गरज उरत नाही.

अवमानाची कारवाई हा एक भाग झाला. पण अपिलाच्या दृष्टीनं त्याहून मोठा भाग वेगळाच आहे. आदेश डावलून मूल स्वतःकडे ठेवायचं, वर्षं जाऊ द्यायची आणि मग म्हणायचं, 'बघा, ते इथेच रुळलंय', हा डाव वरच्या कोर्टांनी अनेकदा ओळखला आहे. २००८ मध्ये निकालात निघालेल्या एका प्रकरणात वडिलांनी असंच मूल बराच काळ आपल्याकडे ठेवलं होतं. स्वतःच्या चुकीचा फायदा घेता येणार नाही, असं सांगून सर्वोच्च न्यायालयानं आईच्या बाजूचा निकाल कायम केला. २०१७ च्या एका निकालात मुलगी बरीच वर्षं वडिलांकडे होती, तरी ताबा आईकडे देण्याचा उच्च न्यायालयाचा आदेश सर्वोच्च न्यायालयानं उचलून धरला. एकाच पालकाच्या सहवासात वाढलेल्या मुलाचं मत किती त्याचं स्वतःचं असतं, हा प्रश्न तिथे चर्चेला आला होता.

मुलाला पढवणं ही याचीच जुळी बहीण. पालक होण्याची लायकी, मुलाची इच्छा, शाळा, आरोग्य हे सगळं तपासताना न्यायाधीश मुलाशी चेंबरमध्ये एकट्यानं बोलतात, उच्च न्यायालयातही बोलतात. गार्डियन्स अँड वॉर्ड्स ॲक्टच्या कलम १७ प्रमाणे मूल समजूतदार वयाचं असेल तर त्याची पसंती विचारात घेता येते. 'घेता येते' म्हणजे तीच निर्णायक असं नव्हे. सात वर्षांचं मूल जेव्हा 'बाबांनी मेंटेनन्स दिला नाही' असं म्हणतं, तेव्हा ऐकणाऱ्याला बाबांबद्दल काही कळत नाही, घरात काय बोललं जातं ते मात्र लख्ख कळतं. भेटीच्या वेळी मुलाच्या तोंडासमोर मोबाइल धरून 'सांग, तुला कुणाकडे राहायचंय' असं रेकॉर्डिंग करून ते पुरावा म्हणून आणणाऱ्यांनाही हेच लागू. असला व्हिडिओ बहुधा आणणाऱ्यावरच उलटतो.

अपिलाच्या मेमोत काय नको

पन्नास पानांच्या मेमोत, म्हणजे अपिलाच्या अर्जात, चाळीस पानं लग्नाची कहाणी असते. सासूबाई काय म्हणाल्या, हनिमूनला काय झालं, दागिने कुणी ठेवले. वाचणाऱ्या खंडपीठाला हवं असतं ते एवढंच: निकालपत्राच्या अमुक परिच्छेदात कोर्टानं म्हटलंय की वडील दौऱ्यावर असतात, पण निशाणी ३४ वरचं (पुराव्यात या क्रमांकानं दाखल झालेलं) कंपनीचं पत्र सांगतं की दौरे बंद झालेत, आणि उलटतपासात ते खोडलं गेलेलं नाही. असे चार मुद्दे चाळीस पानांवर भारी पडतात. फॅमिली कोर्ट्स ॲक्टच्या कलम १९ चं अपील वस्तुस्थिती आणि कायदा या दोन्हींवर असतं, म्हणजे वरचं कोर्ट पुरावा पुन्हा तपासू शकतं. तरी मुलाला आणि आईवडिलांना प्रत्यक्ष पाहिलेल्या न्यायाधीशाच्या मताला वजन असतं. ते मत हलवायचं तर कागदावरच बोट ठेवावं लागतं.

'माझा पगार जास्त, फ्लॅट मोठा' हा मुद्दा पहिल्या पानावर टाकण्याचा मोह आवरा. मुलाचं हित सर्वोच्च, हे हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६ च्या कलम १३ मध्येच आहे आणि हित म्हणजे चौरस फूट नव्हे. पगारातला फरक पोटगीनं भरून काढता येतो. त्याच कायद्याच्या कलम ६ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा 'सर्वसाधारणपणे' आईकडे असावा असं आहे. हा शब्द दोन्हीकडचे लोक चुकीचा वाचतात. आईकडचे म्हणतात हा पक्का हक्क आहे, वडिलांकडचे म्हणतात नुसती सूचना आहे. गोव्यातल्या एका प्रकरणात खालच्या कोर्टानं लहानग्याचा अंतरिम ताबा आईला दिला, मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा पीठानं तो फिरवला आणि २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा आईकडे दिला. एवढ्या लहान मुलाच्या बाबतीत आई अयोग्य आहे हे दाखवण्याची जबाबदारी वडिलांवर आहे, असं तिथे सांगितलं गेलं.

निकालानंतर घडलेल्या गोष्टींचं काय? मुलाची शाळा बदलली, कुणी पुन्हा लग्न केलं, कुणाची बदली नागपूरला झाली. नवा पुरावा अपिलात वाटेल तसा घुसवता येत नाही, ऑर्डर ४१ नियम २७ खाली परवानगी लागते. खालच्या कोर्टात हातात असलेला कागद तेव्हा दिला नाही, तर तो आता का, याचं उत्तर तयार ठेवा. मात्र निकालानंतरच्या घडामोडी प्रतिज्ञापत्रावर आणल्या तर ताब्याच्या प्रकरणात कोर्ट सहसा दार बंद करत नाही, कारण आदेश आजच्या मुलाबद्दल द्यायचा असतो. त्या लपवल्या आणि समोरच्यानं उघड केल्या, तर मग बोलायला काही उरत नाही.

काही वेळा तर अपील हे औषधच नसतं. परस्पर संमतीच्या अटींवर सही केली आणि वर्षभरानं पस्तावलात, तर कलम १९ प्रमाणे संमतीच्या हुकूमनाम्यावर अपील नाही. पण म्हणून अडकून पडलात असंही नाही. ताब्याचे आदेश कायमचे दगडावर कोरलेले नसतात, परिस्थिती बदलली की बदलतात, हे सर्वोच्च न्यायालयानं १९७३ पासून सांगितलं आहे. २०१० च्या एका प्रकरणात संमतीच्या अटी असूनही आईला मुलाला ऑस्ट्रेलियाला नेण्याची मुभा मिळाली, वडिलांच्या भेटीची सोय करून. अशा वेळी अपिलाचा हट्ट सोडून हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली त्याच कोर्टात आदेश बदलण्याचा अर्ज करावा. खर्च कमी, वेळ कमी, आणि पुरावाही मोकळेपणानं देता येतो. तरी लोक 'वरचं कोर्ट' या शब्दाच्या प्रेमात असतात.

हेबिअस कॉर्पसचंही, म्हणजे बेकायदा ताब्यातल्या व्यक्तीला कोर्टापुढे हजर करायला लावणाऱ्या याचिकेचंही, तसंच. 'मूल पळवलं' म्हणत थेट ती याचिका करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं की मूल बेकायदा ताब्यात आहे असं दिसलं तरच ती चालते, एरवी रस्ता पालकत्वाच्या कायद्यानंच जातो. २०१९ मध्ये महाराष्ट्रातल्या एका प्रकरणात आई वारल्यानंतर आईकडच्या नातेवाइकांकडे असलेलं बाळ वडिलांना या याचिकेतून परत मिळालं, कारण नैसर्गिक पालक हयात असताना इतरांकडे तसा कायदेशीर अधिकारच नव्हता. आईविरुद्ध वडील असा सामना असेल तर हे इतकं सोपं राहत नाही.

परदेशातल्या मराठी कुटुंबांसाठी एक गोष्ट. न्यू जर्सीच्या कोर्टाचा आदेश खिशात आहे म्हणून पुण्यात काम आपोआप होतं असं नाही. भारत १९८० च्या हेग करारात (एका देशातून दुसऱ्या देशात बेकायदा नेलेलं मूल परत पाठवण्याच्या करारात) सामील नाही, आणि परदेशी आदेश हा विचारात घेण्याचा एक मुद्दा असतो, शेवटचा शब्द नव्हे. दूर राहणाऱ्या पालकानं 'भेट' म्हणजे फक्त प्रत्यक्ष भेट असं धरून अर्ज लिहू नये. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ताबा नसलेल्या पालकाला मुलाशी रोज पाच-दहा मिनिटं बोलता यावं, व्हिडिओ कॉलही व्हावा, असं सांगितलं आहे. अर्जात वेळ, ॲप, भारतातली वेळ की तिकडची, हे सगळं लिहा. 'वाजवी संपर्क' असं लिहिलेल्या आदेशावरून जेवढी भांडणं होतात तेवढी कशावरूनच होत नाहीत.

राहता राहिली सुट्टी. उन्हाळ्याच्या सुट्टीत मूल पंधरा दिवस कुणाकडे, हा अर्ज लोक मे उजाडल्यावर घेऊन येतात. त्या महिन्यात हायकोर्टालाही सुट्टी लागते आणि सुट्टीतल्या न्यायमूर्तींपुढे तातडीच्या प्रकरणांची रांग असते. शाळेचं वेळापत्रक फेब्रुवारीत कळतं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात अर्ज टाका, आणि दिवाळीच्या सुट्टीचे दिवसही त्यातच मागून घ्या.