नॉर्थ कॅरोलिनात नव्याने आलेल्यांसाठी: स्लो कुकरमधील पुल्ड पोर्क

लातूर, नांदेड, परभणीकडची नवी कुटुंबे येथे येतात आणि दोन-तीन महिन्यांतच त्यांच्यापैकी कोणाचा तरी मला फोन येतो: "ताई, ऑफिसातल्या लोकांना जेवायला बोलावलंय, त्यांच्या पद्धतीचं पुल्ड पोर्क करायचंय, कुकरच्या किती शिट्ट्या करू?" वाहन परवाना, बँक खाते, मुलांची शाळा यांविषयी सांगणारे येथे पुष्कळ आहेत, पुल्ड पोर्क, म्हणजे तंतू सुटेपर्यंत मंद शिजवलेले डुकराचे मांस, या एका पदार्थाविषयी मात्र कोणी नीट सांगत नाही (त्याला शिट्ट्यांचा कुकर नव्हे, तर मंद आचेवर तासन्‌तास शिजवणारे विजेचे भांडे, म्हणजे स्लो कुकर लागतो), आणि मी स्वतः जेथे ठेचकाळले तेथेच प्रत्येक नवे कुटुंब ठेचकाळताना मी पाहते, म्हणून हे लिहीत आहे.

आपल्यातील अनेक जण डुकराचे मांस खात नाहीत आणि त्यांनी ते खावे असा माझा मुळीच आग्रह नाही. परंतु मराठी मंडळींच्या एकत्र जेवणात एखाद्या तरुणाने हा डबा उघडला की नाके मुरडली जातात, ते मला पटत नाही. खाणाऱ्याने पदार्थाचे नाव स्पष्ट सांगावे, त्याचा चमचा वेगळा ठेवावा, आणि न खाणाऱ्याने शेजारी बसून आपले जेवावे, एवढे पुरेसे आहे. मेंढीचा खांदाही याच पद्धतीने उत्तम होतो.

नावाची एक गोष्ट आधी समजून घ्यावी. या राज्याच्या पूर्व भागात 'बार्बेक्यू' म्हणजे अंगणातील पार्टी नव्हे, तर लाकडाच्या निखाऱ्यांवर तासन्‌तास शिजवलेले डुकराचे मांस, आणि त्यावर व्हिनेगर, मीठ व लाल मिरचीचे पातळ सॉस. याच राज्यातील लेक्सिंग्टन गावाच्या बाजूला त्यात थोडे टोमॅटो केचप मिसळतात. विजेच्या भांड्यात धूर नसतो, त्यामुळे आपल्या पदार्थाला स्थानिक पाहुण्यांसमोर बार्बेक्यू म्हणू नये, पुल्ड पोर्क म्हणावे. हे लोक आपल्या अन्नाच्या नावांबाबत काटेकोर आहेत, आणि येसराला कोणी गोडा मसाला म्हटले तर आपल्याला जसे वाटेल तसेच त्यांना वाटते. निखाऱ्यांवर करण्याचा हट्टही नव्या माणसाने धरू नये, कारण अपार्टमेंटच्या बाल्कनीत कोळसा पेटवण्यास भाडेकरारात बहुधा मनाई असते.

आता मांसाविषयी, कारण निम्मा पदार्थ दुकानातच बनतो किंवा बिघडतो. गावाकडे आपण खाटकाला "चरबी काढून दे" असे सांगत मोठे झालो, आणि त्याच सवयीने येथे येऊन पाठीचा स्वच्छ, गुलाबी, बिनचरबीचा तुकडा उचलतो. तो आठ तासांनंतर काथ्यासारखा होतो. या पदार्थाला खांदाच हवा. त्याच्या वेष्टनावर 'बोस्टन बट' असे लिहिलेले असते. नावावरून तो मागच्या बाजूचा वाटतो, पण असतो पुढच्या खांद्याचा. खांद्याच्या स्नायूंना बांधून ठेवणारे कोलॅजन मंद उष्णतेत हळूहळू विरघळून जिलेटिन होते, आणि म्हणून मांस सुटते तरी कोरडे पडत नाही. डुकराच्या मांसाचा अखंड तुकडा १४५ अंश फॅरनहाइटला पोहोचून तीन मिनिटे तसाच राहिला की खाण्यास सुरक्षित होतो, पण तेव्हा तो काट्याने सुटत नाही. सुटण्यासाठी आतील तापमान १९५ ते २०५ अंशांपर्यंत जावे लागते. छत्रपती संभाजीनगरचा नान-खलिया ज्यांनी खाल्ला आहे त्यांना मंद आचेची महती वेगळी सांगायला नको.

आता माझी चूक, आणि ती मी प्रत्येकाला दोनदा सांगते. आम्ही आलो त्याच महिन्यात चौदा माणसांना जेवायला बोलावले होते. शुक्रवारी रात्री दहाला मी फ्रीझरमधील दगडासारखा गोठलेला खांदा तसाच भांड्यात ठेवला, बटण 'लो'वर केले आणि झोपले. सकाळी सहाला उठून पाहिले तर कडेचे मांस तपकिरी झाले होते, वास छान येत होता, पण हाडाजवळ सुरी खुपसून बोट लावले तेव्हा आतला भाग जेमतेम कोमट लागला. आणखी चार तास ठेवू, असे माझ्या मनात होते. शेजारच्या आजींनी ते पाहिले आणि सगळे फेकून द्यायला सांगितले. चाळीस ते एकशे चाळीस अंश फॅरनहाइटच्या दरम्यान जिवाणू झपाट्याने वाढतात, गोठलेला तुकडा मंद आचेवर त्या पट्ट्यात तासन्‌तास रेंगाळतो, आणि काही जिवाणूंनी सोडलेले विष नंतर कितीही शिजवले तरी जात नाही, हे त्यांनी मला ओट्याशी उभे राहून समजावले. पहिला पगार हाती आला नव्हता, आणि चौदा माणसांचे जेवण बाहेरून मागवावे लागले. म्हणून पुन्हा सांगते: गोठलेले मांस स्लो कुकरमध्ये कधीही घालू नका. शनिवारी पाहुणे असतील तर बुधवारी रात्रीच ते फ्रीझरमधून फ्रिजमध्ये उतरवा; चार-पाच पौंडांना साधारण एक पूर्ण दिवस लागतो. ओट्यावर उघडे ठेवून वितळवू नका.

उरलेली कृती सोपी आहे. सहा क्वार्टच्या, म्हणजे साधारण पावणेसहा लिटरच्या भांड्यात सहा पौंडांचा, म्हणजे पावणेतीन किलोच्या आसपासचा खांदा दोन-तीन तुकडे करून नीट बसतो, आणि शिजून निम्म्याच्या आसपास उरतो, त्यामुळे दहा-बारा माणसांना पुरतो. मीठ, ब्राउन शुगर, पॅप्रिका, मिरपूड, लसूण आणि मोहरीची पूड चोळून तो रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावा. काळा मसाला पहिल्या वेळी घालू नये. पाहुण्यांना त्यांची चव त्यांच्या पद्धतीने द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. खाली कांद्याच्या जाड चकत्या आणि अर्धी वाटी व्हिनेगर पुरते. आपली मंडळी रश्श्याच्या सवयीने तांब्याभर पाणी ओततात, आणि मग मांस नुसते उकडले जाते. खांद्याला स्वतःचेच इतके पाणी सुटते की शेवटी तुकडे निम्मे बुडालेले दिसतात. 'लो'वर आठ ते दहा तास लागतात.

या वेळात झाकण उघडू नये. झाकणाच्या आतून थेंब ओघळत असतात, आत काय चालले आहे ते दिसत नाही, आणि चुलीपाशी वाढलेल्या माणसाचा हात आपोआप तिकडे जातो. पण एकदा उघडले की कोंडलेली उष्णता निघून जाते आणि शिजायला वीस-तीस मिनिटे जास्त लागतात. मांस झाले की हाड चिमट्याने धरून वर ओढावे. ते काही न चिकटता कोरडे, स्वच्छ बाहेर येते. मग दोन काट्यांनी तंतू सुटे करावेत, खालच्या रसावरची चरबी काढावी, रस पातेल्यात आटवून थोडा मांसात परत घालावा आणि सॉस वेगळे वाढावे. पाहुणे बनपावाशी आणि कोबीच्या कोशिंबिरीशी खातात. आमच्या घरी दुसऱ्या दिवशी ते ज्वारीच्या भाकरीशी संपते.

उरलेले मांस दोन तासांच्या आत पसरट डब्यांत भरून फ्रिजमध्ये ठेवावे आणि तीन-चार दिवसांत संपवावे. ते पुन्हा गरम करण्यासाठी स्लो कुकर वापरू नये, गॅसवर कढत करावे.

याच भांड्यात राजमा करणाऱ्यांनीही लक्ष द्यावे. राजमा भिजवून ते पाणी टाकून द्यावे आणि दुसऱ्या पाण्यात दहा मिनिटे खळखळ उकळून मगच तो स्लो कुकरमध्ये घालावा, कारण कच्च्या दाण्यातील विषारी द्रव्य मंद आचेवर नष्ट होत नाही आणि त्याने उलट्या होतात.

सुट्टीत गावी जाताना कुकर आईसाठी नेण्याचा मोह अनेकांना होतो. येथील वीज १२० व्होल्टची आहे आणि तिकडील २३० व्होल्टची, तेव्हा तो येथेच ठेवावा आणि आईसाठी तिकडच्याच दुकानातून घ्यावा.