लेमीवरचे पहिले दिवस: सर्व्हर कसा निवडावा आणि ओसाड वाटणारे पान कसे भरावे

लेमी या रेडिटसारख्या चर्चामंचावर नव्याने खाते उघडणाऱ्यांच्या तक्रारी सहसा दोनच असतात. इथे फारसे कोणी नाही, ही पहिली. आणि जे आहेत ते लिनक्स व अमेरिकी राजकारण सोडून बोलत नाहीत, ही दुसरी. दोन्हींत तथ्य आहे, पण हे चित्र सगळ्या लेमीचे नसते. आपण खाते उघडले तो सर्व्हर आणि तिथे आपोआप समोर आलेली मांडणी यांचे ते चित्र असते. दोन्ही गोष्टी आपल्या हातात आहेत, म्हणून मत बनवण्याआधी त्या नीट लावून घ्याव्यात.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी: लेमी हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर २०१९ पासून विकसित होत आहे. ते कोणीही आपल्या सर्व्हरवर चालवू शकतो, आणि असे वेगवेगळे सर्व्हर ॲक्टिव्हिटीपब या प्रणालीतून एकमेकांशी बोलतात. २०२३ च्या जूनमध्ये रेडिटच्या एपीआय शुल्काविरुद्ध (म्हणजे बाहेरच्या ॲप्सना रेडिटशी जोडून घेण्यासाठी लावलेल्या शुल्काविरुद्ध) मोठा बंद पाळला गेला, रेडिट वाचण्यासाठीची अपोलोसारखी लोकप्रिय ॲप्स बंद पडली आणि त्या काळात लेमीकडे लोकांचा लोंढा आला. त्यांच्यापैकी अनेकांना एकाच मालकाच्या एकाच संस्थळाची सवय होती. मायबोली किंवा मिसळपाववर वावरलेल्या आपल्या वाचकांचीही तीच सवय असते. लेमीवर मात्र पत्ता ईमेलसारखा असतो: आधी सदस्यनाम, मग सर्व्हरचे नाव. त्यामुळे एका सर्व्हरवरचा सदस्य दुसऱ्या सर्व्हरवरच्या समुदायात, म्हणजे एखाद्या विषयाच्या गटात, लिहू शकतो, मात्र त्या दोन सर्व्हरांचे आपसात पटत असले पाहिजे.

हे पटणे-न पटणे नवख्याला दिसत नाही आणि नेमके तेच आधी तपासायला हवे. खाते उघडण्यापूर्वी त्या सर्व्हरच्या पानाच्या अगदी तळाशी जावे. तिथे ‘इन्स्टन्सेस’ नावाचा दुवा असतो. त्यात कोणते सर्व्हर जोडलेले आहेत आणि कोणते तोडलेले आहेत याची यादी मिळते. तोडणे ही नुसती शक्यता नाही. जून २०२३ च्या त्याच लोंढ्यात बीहॉ या सर्व्हरने लेमी.वर्ल्डसह दोन मोठ्या सर्व्हरांशी संबंध तोडले, कारण तिथे कोणालाही मुक्त नोंदणी होती आणि येणाऱ्या सदस्यांवर लक्ष ठेवणे बीहॉच्या मोजक्या प्रशासकांना झेपत नव्हते. बीहॉवर नुकतेच आलेल्यांना त्यामुळे अर्धे जग अचानक दिसेनासे झाले. माझ्या मते बीहॉचा निर्णय समजण्यासारखा होता, पण तो सदस्यांना आधी कळणे गरजेचे असते.

त्याच तळाशी ‘मॉडलॉग’ असतो. कोणती पोस्ट काढली, कोणाला बंदी घातली आणि कारण काय दिले, याची ही उघडी नोंदवही आहे. सर्व्हरचे नियम सगळीकडे सारखेच गोड भाषेत लिहिलेले असतात. ते प्रत्यक्षात कसे वापरले जातात हे मॉडलॉगची दोन-तीन पाने वाचल्यावर कळते. काही ठिकाणी नोंदणीच्या वेळी ‘इथे का यायचे आहे’ असा प्रश्न विचारतात. उत्तर माणूस वाचतो, म्हणून दोन सरळ वाक्ये लिहावीत आणि मंजुरीसाठी थोडा धीर धरावा.

खाते मिळाल्यावर पहिले काम भाषेचे. सेटिंग्जमधल्या भाषांच्या यादीत मराठीही आहे आणि ती निवडण्याचा मोह स्वाभाविक आहे; पण त्याबरोबर ‘अनडिटर्मिन्ड’ हा पर्याय निवडलेला राहिलाच पाहिजे. बहुतेक लोक पोस्टला भाषेची खूण लावतच नाहीत, त्यामुळे हा पर्याय सुटला की पान जवळजवळ कोरे होते आणि नवा सदस्य दोष लेमीला देतो.

दुसरे काम क्रमवारीचे. सुरुवातीला सहसा ‘ॲक्टिव्ह’ ही क्रमवारी असते आणि ती ताज्या प्रतिसादांना महत्त्व देते, म्हणून गाजणारे वादाचे धागेच पुन्हा पुन्हा वर येतात. तिच्याऐवजी ‘स्केल्ड’ निवडावी. २०२३ च्या अखेरीस आलेली ही क्रमवारी लहान समुदायांना झुकते माप देते. नको असलेले समुदाय सरळ ब्लॉक करावेत, त्यात संकोच नको. एखादा पूर्ण सर्व्हरही ब्लॉक करता येतो. तसे केल्यावर त्याच्यावरच्या समुदायांतल्या पोस्ट दिसत नाहीत, पण तिथल्या सदस्यांचे इतरत्र लिहिलेले प्रतिसाद दिसत राहतात.

आता ओसाडपणाचे खरे कारण. दुसऱ्या सर्व्हरवरचा समुदाय आपल्या सर्व्हरवर तेव्हाच येऊ लागतो, जेव्हा इथल्या कोणीतरी त्याचे सदस्यत्व घेतलेले असते. ‘ऑल’ या यादीत म्हणून सगळे जग नसते. आपल्या सर्व्हरवरच्या लोकांनी आजवर जे मागवले तेवढेच असते. हवा तो समुदाय दिसला नाही तर उद्गारचिन्ह, समुदायाचे नाव, @ आणि सर्व्हरचे नाव असा पूर्ण पत्ता शोधाच्या चौकटीत टाकावा. पहिल्यांदा काहीच सापडत नाही असे वाटते. काही क्षण थांबून पुन्हा शोधावे. सदस्यत्वाच्या बटणावर ‘पेंडिंग’ दिसले तर समोरच्या सर्व्हरच्या होकाराची वाट पाहिली जात आहे असे समजावे. अशा रीतीने आणलेल्या समुदायात सुरुवातीला मोजक्याच अलीकडच्या पोस्ट येतात आणि त्यांखालचे जुने प्रतिसाद येत नाहीत. पोस्टजवळच्या रंगीत पंचकोनी चिन्हावर टिचकी मारली की तीच पोस्ट तिच्या मूळ सर्व्हरवर उघडते, आणि इथे शून्य प्रतिसाद दाखवणाऱ्या धाग्यावर तिथे रंगलेली चर्चा सापडू शकते.

मोबाइलसाठी व्हॉयेजर किंवा जर्बोआ हे ॲप पुरेसे आहे.

काही सावधगिरी आवश्यक आहे. खाजगी निरोप कूटबद्ध नसतात, आपण कोणाला वर-खाली मत दिले हे प्रशासकांना दिसते, आणि पुसलेली पोस्ट प्रत्येक सर्व्हरवरून पुसली जाईलच याची खात्री नसते. सर्व्हरही कायमचे नसतात. लेमीवर चांगला जम बसलेला लेम.ई हा मोठा सर्व्हर जून २०२५ मध्ये बंद झाला, कारण तो चालवणाऱ्यांची दमछाक झाली होती. सेटिंग्जमध्ये निर्यातीची सोय आहे. तिने सदस्यत्वांची आणि ब्लॉक केलेल्यांची यादी फाइलमध्ये उतरते आणि नव्या खात्यात भरता येते. जुन्या पोस्ट मात्र नव्या खात्याच्या नावावर येत नाहीत. ही फाइल सुरुवातीलाच उतरवून ठेवावी आणि अधूनमधून नवी करावी.

पहिले काही दिवस वाचनमात्र राहायला हरकत नाही, पण लिहायचे झाल्यास लहान समुदायात लिहावे, कारण तिथे नव्या माणसाच्या प्रश्नाला उत्तर मिळण्याची शक्यता अधिक असते. आपल्या विषयावरचा मराठी समुदाय सापडला नाही तर, सर्व्हरची परवानगी असल्यास, स्वतः सुरू करता येतो. मग त्याची देखरेख आपल्याकडेच येते, म्हणून आधी आठ-दहा धाग्यांचे विषय हाताशी ठेवावेत, पोस्टला मराठीची खूण लावावी आणि दुसऱ्या सर्व्हरवर असलेल्या ओळखीच्यांना पूर्ण पत्ता पाठवून सदस्यत्व घ्यायला सांगावे.