आवाज कुठून आला हे कानांना कसं कळतं? एका नळीने तपासून बघा

डोळे मिटलेले असतानाही हाक कुठल्या बाजूने आली ते आपल्याला कळतं. एका कानाला आवाज आधी पोहोचतो, दुसऱ्याला किंचित उशिरा, आणि मेंदू तेवढाच उशीर हेरतो. तो किती बारीक असतो हे स्वतः अनुभवण्यासारखं आहे.

साधारण एक मीटर लांबीची मऊ रबरी नळी घ्या. पट्टीने मोजून बरोबर मध्यावर खूण करा आणि तिच्या दोन्ही बाजूंना एकेक सेंटिमीटरवर पाच-पाच रेघा आखा. नळी पाठीमागून घेऊन तिची टोकं कानांच्या तोंडाशी नुसती टेकवा, आत खुपसू नका. आता कुणालातरी मागे उभं करून पेन्सिलीने नळीवर हलकेच टकटक करायला सांगा. दर वेळी रेघ बदलायची, क्रम मात्र तुम्हाला कळू द्यायचा नाही. तुम्ही ‘डावीकडे’, ‘उजवीकडे’ किंवा ‘मध्ये’ एवढंच सांगायचं. त्याने ते लिहून घ्यायचं.

मध्यावरची टकटक थेट डोक्याच्या आत वाजल्यासारखी वाटते. एक-दोन सेंटिमीटर सरकली की आवाज चक्क एका बाजूला जातो! एक सेंटिमीटर सरकल्यावर दोन वाटांत फरक पडतो २ सेंटिमीटरचा. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, म्हणजे हा उशीर सेकंदाच्या सतरा हजाराव्या भागाएवढा. मला यापेक्षा सुंदर घरगुती प्रयोग ठाऊक नाही.

आवाज अगदी बाजूने आला तर डोक्याच्या गोलाईला वळसा घालून दुसऱ्या कानापर्यंत जायला त्याला जेमतेम ०.६ ते ०.७ मिलिसेकंद जास्त लागतात. खर्जातल्या आवाजांची दिशा मुख्यतः याच उशिरावरून कळते. वरच्या पट्टीतल्या आवाजांना डोकं आडवं येतं आणि पलीकडच्या कानाला ते दबके ऐकू येतात. हा दुहेरी हिशेब ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १९०७ मध्ये मांडला.

मग नळी बाजूला ठेवा. डोळे बांधून, मान अजिबात न हलवता बसा आणि कधी नाकासमोर, कधी बरोबर पाठीमागे चुटकी वाजवायला सांगा. दोन्हीकडून आवाज दोन्ही कानांना एकाच वेळी पोहोचतो, त्यामुळे इथे चुका होतात. कानाच्या बाहेरच्या वळ्या थोडी मदत करतात. त्या बोटांनी दाबून धरल्या की गोंधळ आणखी वाढतो. भिंतीजवळ बसू नका, मोकळी जागा बरी.

शेवटी तीच चुटकी दोन-तीनदा वाजवायला सांगून मान थोडी डावीकडे वळवा. उजव्या कानाला आवाज आधी येऊ लागला तर तो समोरून येतोय, डाव्या कानाला आधी आला तर मागून.