अतिवाहकात करंट सोडताय? भोवऱ्यांच्या बाबतीत या चुका टाळा

अतिवाहकाचा रोध शून्य असतो, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. मग प्रयोगशाळेत वायबीसीओची (यट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइड या अतिवाहकाची) पट्टी द्रव नायट्रोजनमध्ये बुडवून करंट वाढवत गेलो, की एका टप्प्यावर व्होल्टेज डोकं वर काढतं. तापमान ७७ केल्विनच आहे आणि पट्टीचं क्रांतिक तापमान, म्हणजे ज्याच्या खाली ती अतिवाहक होते ते, ९२ केल्विनच्या आसपास. म्हणजे अतिवाहकता शाबूत आहे. तरीही व्होल्टेज आहे आणि उष्णताही आहे. बहुतेक विद्यार्थी इथे पट्टीला दोष देऊन नवी पट्टी मागतात. पट्टी बिघडलेली नसते, तिच्यातले भोवरे जागचे हललेले असतात.

दुसऱ्या प्रकारच्या अतिवाहकात चुंबकीय क्षेत्र सरसकट शिरत नाही, बारीक धाग्यांच्या रूपात शिरतं. अलेक्सी अब्रिकोसोव्ह यांनी १९५७ मध्ये हे गणिताने दाखवलं. प्रत्येक धाग्याभोवती विद्युतधारा गरगर फिरत असते, म्हणून तो भोवरा. प्रत्येकातला चुंबकीय फ्लक्स अगदी सारखा, २.०७ फेम्टोवेबर. क्षेत्र १ टेस्ला असेल तर शेजारच्या दोन भोवऱ्यांत जेमतेम ४९ नॅनोमीटर अंतर उरतं. भोवऱ्याच्या मधोमध जो गाभा असतो, तिथले इलेक्ट्रॉन साध्या धातूतल्यासारखे वागतात. पुढचा सगळा गोंधळ या गाभ्यातून सुरू होतो.

पहिली चूक दिशेची. भोवरे नदीत सोडलेल्या पानासारखे करंटबरोबर पुढे वाहत जातात, असं चित्र अनेकांच्या डोक्यात असतं. प्रत्यक्षात करंट त्यांना आडवा ढकलतो, पट्टीच्या एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे. फ्लक्स असा आडवा सरकला की करंटच्या दिशेने विद्युत क्षेत्र तयार होतं. ते गाभ्यातल्या साध्या इलेक्ट्रॉनांना खेचतं, आणि तिथे ऊर्जेची उष्णता होते. बार्डीन आणि स्टीफन या भौतिकशास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये याचा साधा हिशेब मांडला: भोवरे मोकळे वाहत असतील, तर रोधकता ही सामान्य अवस्थेतल्या रोधकतेचा तेवढाच हिस्सा, जेवढा लावलेलं क्षेत्र हे वरच्या क्रांतिक क्षेत्राचा, म्हणजे ज्याच्या पलीकडे अतिवाहकता संपते त्या क्षेत्राचा. क्षेत्र दहावा हिस्सा, तर रोधकताही साधारण दहावा हिस्सा. हे ऐकायला थोडं वाटतं, पण नायोबियम-टायटॅनियम हा मिश्रधातू सामान्य अवस्थेत इतका वाईट वाहक आहे की त्याचा दहावा हिस्सासुद्धा खोलीच्या तापमानातल्या तांब्यापेक्षा जास्त भरतो. एमआरआयच्या चुंबकातल्या तारेत अतिवाहक तंतूंभोवती तांबं असतं. भोवरे सुटले, की करंटला जायला ती वाट लागते.

यातूनच दुसरी चूक निघते: नमुना जितका शुद्ध, तितका चांगला, ही समजूत. निर्दोष स्फटिकात भोवऱ्यांना अडायला जागाच नसते. थोडासा करंट सोडला तरी ते चालू पडतात. नायोबियम-टायटॅनियमची तार तापवून-ओढून तिच्यात टायटॅनियमचे बारीक साके, म्हणजे वेगळे साकळलेले कण, मुद्दाम वाढवतात. वायबीसीओत बेरियम झिर्कोनेटचे नॅनोदांडे घालतात. भोवऱ्याचा गाभा अशा दोषावर बसला की त्याची ऊर्जा वाचते आणि तो तिथून हलायला नाखूश असतो. यालाच पिनिंग म्हणतात. स्फटिक वाढवणाऱ्याला हे दोष खुपतात हे मला समजतं, पण करंट वाहून न्यायचा असेल तर ते हवेतच.

मीटरवर शून्य दिसलं म्हणजे भोवरे थांबले, ही तिसरी चूक. यावर मी जरा जास्त वेळ घालवणार आहे, कारण इथे आकडेच डोळे उघडतात. क्रिटिकल करंटची रूढ व्याख्या आहे: ज्या करंटला दर सेंटिमीटरला १ मायक्रोव्होल्ट व्होल्टेज येतं तो. एका सेंटिमीटरवर एवढं व्होल्टेज याचा अर्थ, तिथून दर सेकंदाला सुमारे ४८ कोटी भोवरे आडवे जात आहेत. मीटर नॅनोव्होल्टपर्यंत दाखवत असेल, तरी १ नॅनोव्होल्टला सेकंदाला जवळपास ५ लाख. क्रिटिकल करंट ही निसर्गाने आखलेली रेघ नाही, ती आपण सोयीसाठी ठरवलेली खूण आहे. तिच्या अलीकडेही भोवरे उष्णतेच्या धक्क्याने एका खड्ड्यातून दुसऱ्यात जात राहतात. गलीत बसलेली गोटी जमीन हादरली की बाहेर पडते, तसंच. अँडरसन आणि किम या भौतिकशास्त्रज्ञांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला हे सरपटणं समजावून सांगितलं. म्हणून नमुन्याचं चुंबकन मोजताना क्षेत्र बदलणं थांबल्यावर किती वेळाने वाचन घेतलं, हे लिहून ठेवा. चुंबकनावरून काढलेला क्रिटिकल करंट तारा जोडून मोजलेल्यापेक्षा कमी आला, तर लगेच घाबरू नका. पहिल्या मापनात विद्युत क्षेत्र कितीतरी कमी असतं, म्हणजे तुम्ही त्याच करंट-व्होल्टेज वक्राचा खालचा भाग पाहत आहात.

खुणेच्या पलीकडे मात्र चढ फार उभा आहे. व्होल्टेज करंटच्या एका मोठ्या घातासारखं वाढतं. ज्या पट्टीचा हा घातांक ३० आहे, तिच्यात करंट १० टक्क्यांनी वाढवला की व्होल्टेज सुमारे १७ पट होतं. त्यामुळे करंटच्या पायऱ्या लहान ठेवा आणि व्होल्टेजची मर्यादा आधीच लावून ठेवा.

आता याच्या उलटी चूक: प्रत्येक व्होल्टेज भोवऱ्यांच्या माथी मारणं. दाबून भाजलेल्या वडीवर सिल्व्हर पेंटने तारा चिकटवून मी कितीतरी आठवडे 'भोवऱ्यांचा प्रवाह' मोजत होतो. तो होता करंटच्या जोडांचा ताप. म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. ओळखायचं कसं? करंट स्थिर ठेवूनही व्होल्टेज मिनिटामिनिटाला चढत असेल, तर आधी जोड तपासा. वक्र शून्यातून सरळ रेषेत वर जात असेल, तर व्होल्टेजच्या तारा करंटच्या जोडाला फार चिकटल्या आहेत, त्या दूर घ्या. करंट शून्य असतानाही काही मायक्रोव्होल्ट दिसत असतील, तर ते तारांच्या दोन टोकांतल्या तापमानफरकाचं व्होल्टेज आहे. करंटची दिशा उलटून दोन्ही वाचनांच्या फरकाचं अर्ध घ्या. क्षेत्र बदलत असतानाच व्होल्टेज येत असेल, तर तारांना पीळ द्या. एवढं करूनही लॉग-लॉग कागदावर खणखणीत सरळ रेषा आली आणि करंट चढवताना-उतरवताना तीच राहिली, तर मग खुशाल भोवरे म्हणा.

वडीच्या बाबतीत आणखी एक सांगतो. चुंबकनावरून क्रिटिकल करंट काढायच्या बीनच्या सूत्रात नमुन्याचं आकारमान घालावं लागतं, आणि लोक कॅलिपरने मोजलेली ५ मिलिमीटर रुंदी घालून मोकळे होतात. कणाकणांतले जोड कमकुवत असतील, तर धारा १० मायक्रोमीटरच्या कणाच्या आतच फिरते. उत्तर ५०० पटींनी चुकतं.

वरचं क्रांतिक क्षेत्र वाचून तेवढ्या क्षेत्रापर्यंत पदार्थ चालेल असं गृहीत धरू नका. बिस्मथच्या अतिवाहकांत ७७ केल्विनला त्याच्या कितीतरी खालीच भोवऱ्यांची जाळी वितळते आणि पिनिंग निकामी होतं. उपयोगाची सीमा म्हणजे अपरिवर्तनीयतेचं क्षेत्र, ज्याच्या पलीकडे पिनिंग टिकत नाही.

शेवटची चूक वहीतली आहे: नमुना कोणत्या क्षेत्रात थंड केला, याची नोंद नसणं. क्षेत्रात थंड केलेल्या आणि क्षेत्राविना थंड केलेल्या नमुन्यात भोवऱ्यांची मांडणी वेगळी असते, आणि त्याच तापमानाला, त्याच क्षेत्रात क्रिटिकल करंटही वेगळा येऊ शकतो. नायोबियम डायसेलेनाइड या अतिवाहकाच्या स्फटिकांत हा फरक ठळक दिसतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत यावर भरपूर काम झालं आहे. 'शून्य क्षेत्रात थंड केला' असं लिहितानाही जपा. अतिवाहक चुंबकाचा करंट शून्यावर आणला तरी त्याच्याच तारेत अडकलेले भोवरे थोडं क्षेत्र मागे ठेवतात. त्यासाठी चुंबकाच्या करंटची दिशा उलट-सुलट करत, दर खेपेला तो कमी करत शून्यावर आणा, नमुना क्रांतिक तापमानाच्या वर नेऊन पुन्हा थंड करा, आणि मगच पहिलं वाचन घ्या.